पुडिंग आणि पूर्ण वाक्य

१ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. मागच्या वर्षीची फेब्रुवारीत सुटली, पण तेव्हा पेन वाईट होतं.

ग्रंथपालांनी बोलावलं होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्ग कसा चाललाय, असं विचारलं. म्हटलं, शिस्तीत. म्हणाले, "हो, शांतता असते खरी. बाहेरचे वाचक खूश आहेत. पण मॅडम, भाषेचा वर्ग आहे, आणि आत कुणी बोलताना कधी ऐकू येत नाही." नाताळच्या आदल्या दिवशी ते स्वतः येऊन बसणार. मंडळी बोलली तर नव्या वर्षी वर्ग माझा. नाही तर खोली प्रोजेक्टरवालीला. ही नवी मुलगी प्रोजेक्टर लावून, टेबलावर बसून शिकवते म्हणे. टेबलावर!

घरी ह्यांना सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "बरं होईल. संध्याकाळी घरी असशील."
वर्ग जाऊ द्यायचा नाही.

२ डिसेंबर
योजना तयार. नाताळातून इंग्रजी. पुडिंग करायचं: चिरणं, ढवळणं, वाफवणं, नाताळपर्यंत मुरवणं. शब्द वहीत नाही, हातात आले पाहिजेत. जोडीला कॅरल, म्हणजे नाताळचं गाणं. नियम तेच, पण जास्त कडक. वर्गात आपली भाषा बंद. बोलायचं असेल तर हात वर, माझी परवानगी, मग पूर्ण वाक्य. अर्धं वाक्य म्हणजे अर्धवट माणूस.

मी कॉलेजात इंग्रजीत पहिली होते. एका सहामाहीला.

वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, आमच्याकडेच असतात. विचारत होत्या, "वहिनी, तुम्ही पुडिंग केलंय कधी?" म्हटलं, कृती वाचली आहे. "वाचली असेल हो, पण केलंय का?" काही माणसांना एकच प्रश्न दोनदा विचारायची सवय असते.

४ डिसेंबर
पुडिंग ढवळलं. रिवाज असा की प्रत्येकाने चमचा एकदा फिरवायचा आणि मनात एक इच्छा धरायची. मी रिवाजात सुधारणा केली. इच्छा मोठ्याने सांगायची, इंग्रजीत.

वर्गात पाच जण. आधी शिंपीबुवा. मग नर्स. मग टॅक्सीवाला. मग दोघी जावा, ज्या एकीला प्रश्न विचारला की दुसरीकडे बघतात. पाचही जण एकच वाक्य बोलले: आय विश मॅडम गुड हेल्थ. भरून आलं. मग लक्षात आलं, पहिल्याचं ऐकून बाकीच्यांनी नक्कल केली. खरी इच्छा सांगा, म्हटलं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. ढवळताना मात्र जोर बघण्यासारखा होता, आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते.

वन्सं पातेलं घेऊन आल्या होत्या. त्यांनीही चमचा फिरवला. "वहिनी, मनातलं सांगितलं की खरं होत नाही म्हणे. ही नर्स सांगत होती." नर्स कधी सांगत होती? माझ्यासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.

५ डिसेंबर
पुडिंग वाफवलं. कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेल्यात पाणी, पाण्यात भांडं. तासन्‌तास लागतात, म्हणून सोबत कॅरलचा सराव. मी पुढे, सूर माझा.

दुसऱ्या कडव्याला शिंपीबुवांचा हात वर. म्हटलं, वेट. मग नर्सचा. मग टॅक्सीवाल्याचा, दोन्ही जावांचे. पाच हात! एवढा उत्साह या वर्गात पहिल्यांदाच. वेट, वेट, म्हणत कडवं पूर्ण घेतलं. मग वास आला.

पाणी केव्हाच आटलेलं. पातेलं काळं ठिक्कर. शिंपीबुवांना धारेवर धरलं, बोलला का नाहीत? त्यांनी हात वर केला, मी मान हलवल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, द वॉटर वॉज फिनिश्ड."
वाक्य बरोबर होतं. याची नोंद व्हायला हवी.

पातेल्याचं बूड पातळ. वन्संनी तेच आणलं. पुडिंगचा खालचा भाग कोळसा झालाय, वरचा ठीक आहे. तोच भाग लोक आधी बघतात.

९ डिसेंबर
चैन नाही. सकाळी कपाटं आवरली, दुपारी पुन्हा आधी होती तशी लावली. गॅलरीत फेऱ्या. हे म्हणाले, "पायाला भिंगरी लागलीय का? बस जरा." बसले. उठले.
प्रोजेक्टरवाली जिन्यात भेटली. "हाय मॅम" म्हणाली. हे पूर्ण वाक्य नाही.

१३ डिसेंबर
मला पोचायला उशीर झाला. वन्सं पुढे जाऊन बिस्किटं वाटत बसल्या होत्या. दारापर्यंत हसण्याचा गलका ऐकू येत होता. मी आत पाऊल टाकलं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. धाक टिकून आहे, समाधान वाटलं.

पण वन्संचं इंग्रजी! "यू ईट. आय ईट. ही नॉट ईट, ही शाय." ऐकून कपाळाला हात लावला. घरी बजावलं, वर्गात तोंड उघडायचं नाही. "बरं वहिनी," म्हणाल्या. उद्याची बिस्किटं भाजायला लागल्या.

१८ डिसेंबर
सराव परीक्षा. मी ग्रंथपाल झाले, चष्मा नाकावर ओढून खुर्चीत बसले. नर्सला साधा प्रश्न: तुम्ही कुठे काम करता? तिची पाचावर धारण बसली. स्वतःचं नावसुद्धा चुकली. जानेवारीत मोठ्या हॉस्पिटलात तिची मुलाखत आहे, सगळी इंग्रजीत. नोकरी मिळाली तर रात्रपाळी सुटेल, लेकरं झोपायच्या आत घरी पोचेल. कागदावर तिचं सगळं अचूक असतं. मी जवळ गेले की गोठते.

उपाय सापडला. मी पुरेशी मोठ्याने विचारत नव्हते. उद्यापासून मोठ्याने.

२१ डिसेंबर
मोठ्याने विचारते आहे. फरक पडतोय. टॅक्सीवाला आता प्रश्नाच्या आधीच दचकतो.
आवाज किंचित जड. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, घशाला आराम द्या." माझा आवाज बसणाऱ्यांतला नाही.

२३ डिसेंबर
आवाज गेला.
बसला नाही, गेला. डॉक्टर म्हणाले, अजिबात बोलायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. त्यांना खुणेने सांगितलं, उद्या माझी परीक्षा आहे. त्यांना वाटलं, पोटात दुखतंय. तपासलं.
घरी ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाले, एवढा लागत नाही आता.

२४ डिसेंबर, सकाळ
घाबरण्यासारखं काही नाही. बोटांनी वर्ग चालवणार. एक बोट: उभे राहा. दोन: वाक्य सांगा. तीन: दुरुस्त करा. शिवाय पट्टी आहेच.

२४ डिसेंबर, संध्याकाळ
ग्रंथपाल वेळेवर आले. मी एक बोट वर केलं. नर्सने पाण्याचा एक पेला आणून दिला. तीन बोटं केली. टॅक्सीवाल्याने तीन खुर्च्या आणल्या.

मग वन्सं पुढे झाल्या. पुडिंग कापलं, ग्रंथपालांना बशी दिली. "सर, यू टेक. टॉप गुड. बॉटम नो. बॉटम ब्लॅक." मी डोळे मिटले. ग्रंथपाल हसले आणि विचारलं, व्हाय ब्लॅक?

आणि बांध फुटला. टॅक्सीवाला सांगायला लागला, नर्सने त्याचं वाक्य मध्येच दुरुस्त केलं, दोघी जावा एकदम बोलल्या आणि एकमेकींवर खेकसल्या, तेही इंग्रजीत. शिंपीबुवांनी हात वर धरून, गाल फुगवून, वेट, वेट, अशी माझी नक्कल करून दाखवली. ग्रंथपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. परवानगी कुणी मागितली नाही. मी पट्टी आपटली. कुणाला ऐकू गेली नाही.

मग ग्रंथपालांनी विचारलं, पुडिंग ढवळताना इच्छा धरतात ना, तुम्ही काय धरली होती?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगा. दुसरं काय करणार?

शिंपीबुवा उठले. "आय विश्ड दॅट मॅडम विल नॉट स्पीक फॉर वन डे."
जावा म्हणाल्या, "वी विश्ड फॉर वन वीक."
टॅक्सीवाला म्हणाला, "सर, आय विश्ड टिल न्यू इयर."
नर्स खाली बघत होती. मग मान वर करून, स्पष्ट: "आय विश्ड टू स्पीक वन टाइम विदाउट फिअर."

पाच माणसं, सगळी पूर्ण वाक्यं. हे माझ्या शिकवण्याचं फळ आहे. डोळ्यांत पाणी आलं ते पुडिंगमधल्या आल्यामुळे. वन्संनी जास्त घातलं असणार.

ग्रंथपाल जाताना म्हणाले, "वर्ग तुमचा, मॅडम. अट एकच. असाच चालवा."
असाच म्हणजे कसा, ते विचारायला आवाज नव्हता.

२५ डिसेंबर
नर्स घरी आली. शिंपीबुवांनी शिवलेला मफलर आणला, लाल, दुहेरी कापडाचा, कडेला बारीक टीप. सगळ्यांकडून नाताळची भेट. चहा होईपर्यंत माझ्यासमोर बसून मुलाखतीचं बोलली. इंग्रजीत. अडखळली, पुन्हा सुरू झाली, थांबली नाही. तीन चुका झाल्या. सुधारायला तोंड उघडलं, आवाज आला नाही, तोवर ती पुढे गेलेली. नंतर मलाही आठवेना कोणत्या तीन.
वन्सं आतून म्हणाल्या, "काय छान बोलते हो!"

२८ डिसेंबर
पहाटे आवाज परत आला. आधी न्हाणीघरात तपासून पाहिला, खणखणीत. ह्यांना उठवून सांगितलं.
हे म्हणाले, "इतक्या लवकर?"

२९ डिसेंबर
संकल्प केला. वर्गाची घडी पुन्हा बसवायची. चार दिवसांच्या मोकळिकीने काय काय बिघडलंय ते आज दुरुस्त. विषय: नव्या वर्षाचे संकल्प. पट्टी घेतली. निघताना गार वारा होता, म्हणून मफलर.

दाराबाहेरच गलका ऐकू आला. टॅक्सीवाला कुणा गिऱ्हाईकाची गोष्ट सांगत होता, बाकीचे मध्येमध्ये तोडत होते. नर्स सगळ्यांत मोठ्याने. वन्सं बिस्किटं वाटत होत्या. बाहेरच्या टेबलावर ग्रंथपाल पेपर वाचत होते, म्हणजे तोंडासमोर धरून ऐकत होते.

आत गेले. समोर उभी राहिले. म्हणाले, "गुड..."

गोष्ट तिथेच तुटली. दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. नर्सने वही छातीशी धरली. शिंपीबुवांचा हात हळूहळू वर गेला आणि वरच राहिला.

मी खोकले. मग अजून एकदा खोकले. मफलर नाकापर्यंत ओढला, घशाकडे बोट दाखवलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

हात खाली आला. टॅक्सीवाला म्हणाला, "सो, देन द मॅन सेड..."

वन्संनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि डोळा मारल्यासारखं केलं. माझा गैरसमज असेल.

घसा अजून नाजूक आहे. घाई करणार नाही.