छोटी पांढरी गोळी

नवीन पनवेल, सेक्टर तेरा
९ सप्टेंबर १९९०

प्रिय अक्का,

तुझ्या गुडघ्यांना आधी नमस्कार, मग तुला आणि दाजींना.

गणपतीत कराडला आले नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी बातमी ऐक. अक्का, मला झोप लागते! साडेदहाला पाठ टेकते ती सकाळी दूधवाल्याने बेल वाजवल्यावरच उठते.

हे गेल्यापासून दीड वर्ष मी कसं काढलं, ते तुला कधी धड लिहिलं नाही. माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये मुली परीक्षेचा उतारा टाइप करायच्या आणि मी घड्याळ हातात धरून उभ्या उभ्या पेंगायचे. एकदा दहा मिनिटांचा उतारा सतरा मिनिटं चालला. एकीनेही सांगितलं नाही, उलट त्या दिवशी सगळ्याच जणी पास. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळीने सकाळी तोंडात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, म्हणून ती सोडून दिली.

मग देवेश भेटला. सुकापूरला राहतो, पस्तिशीचा असेल. पूर्वी एका औषध कंपनीचा एम.आर. होता, आता घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून लोकांना आहाराबद्दल सल्ला देतो. त्याची बहीण माझ्याकडे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाली, त्या ओळखीने गेले. माझी नखं पाहिली, जीभ पाहिली, आणि म्हणाला, "मॅडम, झोप न येणं हा आजारच नाही. बॉडीत मिनरल्स आणि व्हिटॅमिन्स कमी पडलीत. ती भरून काढू. हे ड्रग नाही, फूड आहे. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं."

तीन गोळ्या असतात. खडूएवढी मोठी कॅल्शियम-मॅग्नेशियमची, एक जस्ताची, आणि एक छोटी पांढरी, तिला तो बी-सिक्स म्हणतो. मोठ्या दोन तेवढ्याच राहतात, छोटी मात्र तो वाढवत नेतो. मी दोनवरून सहावर आले आहे. तिसऱ्या आठवड्यातच गुण आला.

उरण नाक्याच्या बाजारातली माझी मासळीवाली मैना तुला आठवते ना, तू आली होतीस तेव्हा जिने कोळंबी सोलून दिली होती? तिचा नवरा खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेला, त्याला दोन वर्षं झाली. तीही तेव्हापासून जागीच. आम्ही एकमेकींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघूनच ओळखलं होतं. तिला सुकापूरपर्यंत जायला सवड कुठली? मीच तिच्या वाटच्या गोळ्या आणून देते. परवा पाटीवरून उठून सगळ्या बाजारासमोर माझे हात धरले. "या बायनं मना झोप दिली," म्हणाली. लाजच वाटली मला, पण बरंही वाटलं. हे गेल्यावर कुणाच्या उपयोगी पडल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं.

तुलाही गुडघ्यांमुळे झोप नसते. खालच्या मजल्यावरचे शेजारी पुढच्या आठवड्यात कराडला येतायत, त्यांच्याबरोबर तीन बाटल्या पाठवते. छोटीच्या चारपासून सुरू कर.

एक गंमत सांगायची राहिली. हल्ली तळपायांना मुंग्या येतात. देवेशला विचारलं तर म्हणाला, "गुड साइन, मॅडम. झोपलेल्या नसा जाग्या होतायत." म्हणजे मी झोपले आणि नसा उठल्या!

तुझी,
शशी


नवीन पनवेल
२५ नोव्हेंबर १९९०

प्रिय अक्का,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. अक्षर वेडंवाकडं वाटेल, पेन नवीन आहे. टाइप करून पाठवलं असतं, पण माझं मशीन दुरुस्तीला गेलंय.

गोळ्यांनी तुला झोप लागायला लागली हे वाचून बरं वाटलं. दाजी म्हणतात घोरतेस, म्हणू देत.

इकडे सगळं ठीक. दिवाळीनंतर क्लासला तीन नव्या मुली आल्या. माझं आपलं चाललंय. परवा बाजारातून घरी आले, दारात उभी राहून चपला काढायला गेले, तर एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठे गळून पडली पत्ताच नाही. टपाल नाक्यापासून घरापर्यंत एका पायाने अनवाणी चालत आले असणार. शेजारणीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. कपही दोन फुटले. लक्ष नसतं माझं, दुसरं काय?

तू विचारलंस म्हणून सांगते, डॉक्टरांना दाखवून आले. विशेष काही नाही. सेहेचाळीस पूर्ण झाली, आता शरीर कुरकुरायचंच.

मैना मजेत आहे. तिला छोटीच्या दहा लागतात आता, तेव्हा कुठे झोप लागते. हल्ली मासळी कापताना बोटांवर चिंध्या बांधलेल्या असतात. विचारलं तर म्हणाली, "कापतं, पन दुकत नाय. बरंच हाय की!"

देवेशकडेही गर्दी असते. चाळीसएक लोक झालेत. त्याच्या घराला बाहेरून चार पायऱ्या आहेत. त्या उतरताना तो हल्ली सारखा पायांकडे बघत उतरतो, भिंतीला हात लावून. मी काही विचारलं नाही. त्यानेही मला, मी का बघत उतरते, ते विचारलं नाही.

तू लिहिलंस, वाकळ शिवताना सुई बोटात शिरली आणि कापडावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. थंडी पडली की बोटं बधिर होतातच. कोमट तेल चोळ. गोळ्या मात्र चालू ठेव. मध्येच सोडल्या तर झोप पुन्हा उडेल.

बाकी पुढच्या पत्रात.

शशी


नवीन पनवेल
२० जानेवारी १९९१

अक्का,

काल तार केली आहे. ती मिळाली असेल तर छोटी पांढरी गोळी तू बंद केलीच असशील. मिळाली नसेल तर हे पत्र खाली ठेव, ऊठ, ती बाटली मोरीत रिकामी कर आणि मग पुढचं वाच.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. पेन नवीन नव्हतं. मशीनही दुरुस्तीला गेलं नव्हतं. माझ्या बोटांना पेन लागत नाही, अक्का. कळा दाबलेल्या कळत नाहीत. वीस वर्षं मुलींना सांगत आले, कळांकडे बघायचं नाही, आणि आता मीच बघितल्याशिवाय एक शब्द टाइप करू शकत नाही.

डॉक्टरांकडे गेले होते ते बावीस नोव्हेंबरला, तुला पत्र लिहिण्याच्या तीन दिवस आधी. मला डोळे मिटायला लावून त्यांनी माझ्या अंगठ्याला टाचणी लावली. विचारलं, "कळतंय?" मी म्हटलं, "लावा ना." ते म्हणाले, "लावली आहे, बाई." साखर तपासली, ती ठीक निघाली. मग काय काय घेता म्हणून विचारलं. मी तिन्ही बाटल्या पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या. छोटीवरचं लेबल वाचून त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बी-सिक्स चांगलंच आहे, पण शरीराला लागतं ते कणभर. तुम्ही दिवसाला त्याच्या शेकडो पट घेताय. इतकं घेतलं की नसा मरायला लागतात. आजच्या आज बंद करा. लवकर थांबवलंत तर बरंचसं भरून येईल, पण महिने लागतील."

मी त्याच दिवशी बंद केली. मोठी गोळी चालू ठेवली. आणि झोप गेली नाही, अक्का. पहिल्यासारखीच लागत राहिली.

तुला का नाही कळवलं? मला वाटलं, तू फक्त चार घेतेस, इतक्यात काय होतंय. मग तुझं सुईचं पत्र आलं. ते मी दोनदा वाचलं आणि तुला तेल चोळायला सांगितलं. तुला कळवलं असतं तर मैनालाही सांगावं लागलं असतं, आणि मैनाला सांगायचं म्हणजे सगळ्या बाजारासमोर तिने धरलेले हात सोडवून घ्यायचे. रोज ठरवायचे, उद्या सांगू.

पाच डिसेंबरला तिची गोळ्यांची बाटली संपली. मी सुकापूरला गेले, नवी घेतली, उरण नाक्यावर जाऊन तिच्या हातात दिली. डॉक्टरांनी सांगितल्यानंतर तेरा दिवसांनी. हे वाक्य मी चार वेळा लिहून चार वेळा कागद फाडला.

पुढच्या सोमवारी होड्या लागल्या तेव्हा ती मासळी घ्यायला चिखलात उतरली होती. कालवाच्या शिंपल्याची धारदार कोर उजव्या टाचेत शिरली. तिला कळलंच नाही. घरी आल्यावर तिच्या मुलीने, कोमलने, जमिनीवर रक्ताची पावलं पाहिली. फडकं बांधून मैना दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात बसली. कोमल डॉक्टरकडे चल म्हणाली तर म्हणे, "दुकत नाय तं कसला डाक्टर?" मी त्या आठवड्यात तिच्याकडून पापलेट घेतलं. फडकं पाहिलं. "काय झालं?" विचारलं. "काय नाय, बाय," म्हणाली. मी घरी आले.

दहाव्या दिवशी टाच काळी पडली, ताप चढला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी तिचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापला.

त्यानंतर मी देवेशकडे गेले. सगळं ओरडून सांगितलं. माझं झाल्यावर त्याने मोजा काढला. अख्ख्या पावलावर भाजल्याचा डाग होता. कढत पाण्यात पाय ठेवला होता, कातडी सुटेपर्यंत कळलं नाही. "कधीपासून?" मी विचारलं. "जूनपासून, मॅडम," म्हणाला. म्हणजे मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेले त्याच्याही आधीपासून. "मला वाटलं डोस कमी पडतोय." मग रडायला लागला. मला दया आली नाही. त्याच्याकडच्या लोकांची नावं-पत्त्यांची वही मी मागून घेतली. आता क्लास सुटला की मशीनपुढे बसते आणि कळा बघत बघत एकेकाला पत्र टाइप करते. एकेचाळीस नावं आहेत. काल संध्याकाळपर्यंत सव्वीस झाली. डॉक्टरांची चिठ्ठी प्रत्येकात घालते. बाहेरच्यांना सांगायला हात लगेच उठला बघ माझा.

काल सकाळी कोळीवाड्यात गेले. मैनाला घरी आणलं आहे. खाटेवर बसली होती, पाय उशीवर. मला बघून कोमलला म्हणाली, "बायला खुर्ची दे." आणि मग मलाच, हळू आवाजात, "बाय, गोल्या आनल्या काय? इस्पितलात काय झोप नाय लागली."

मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. गोळीने काय होतं, तुझी टाच का दुखली नाही, सगळं. कोमल भांडी घासत होती, तिचे हात थांबले. मला वाटलं, मैना शिव्या देईल. मी त्यासाठीच उभी होते.

"तुमाला कवा कललं?" तिने विचारलं.

"बावीस नोव्हेंबरला."

"मना तारीक नाय समजत."

"देवदिवाळी झाली, त्याच आठवड्यात."

ती मनात काहीतरी जुळवत होती. "मंग ती नवी बाटली?"

"त्यानंतर आणली."

मग तिने विचारलं, रागाने नाही, अक्का, जशी ती मला बाजारात विचारायची तशीच, "इतकं दिस तुमाला झोप लागत व्हती, बाय?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिने विश्वासही ठेवला असता.

"लागत होती," मी म्हटलं.

तिने मान हलवली. भिंतीकडे तोंड केलं आणि कोमलला म्हणाली, "दार उगड. त्या जातान."

तिथून निघाले ती थेट तारघरात गेले. ती गोळी बंद करून मला दोन महिने होतील, पण तळव्यांना अजून जमीन लागत नाही. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. तू तर आता कुठे थांबवतेयस. डोळे मिटून पायाच्या बोटांना दाजींना टाचणी लावायला सांग, दोन्ही पायांच्या, आणि काय होतं ते मला खरं लिही. माझ्यासारखं लिहू नकोस. वाकळ बाजूला ठेव. विस्तवाजवळ एकटी बसू नकोस. अनवाणी फिरू नकोस, अंगणातसुद्धा नाही.

हे पत्र वाचल्यावर मला बहीण म्हणायचं की नाही, ते तू ठरव. तुझं उत्तर येईपर्यंत खाली नुसतं नाव लिहिते.

शशिकला