दोडक्यात पडलेलं पीठ

माय, आज दुपारी मी गॅसपाशी उभा राहून दोडके परतले. तुझ्या सुनेला साखरेचा आजार आहे, तुला होता तोच. डाव्या तळपायाला, अंगठ्याखाली, महिन्यापासून जखम आहे. भरायचं नाव घेत नाही. उद्या परभणीला डॉक्टर बघून सांगणार, अंगठा ठेवायचा की काढायचा. तुझंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं.

डॉक्टरांनी तिची भाकरी बंद केलीय, म्हणून पुण्याच्या लेकीनं फोनवर इटलीकडची भाजी सांगितली, तिकडच्या भाजीच्या जागी आपला दोडका घेऊन, भाकरीशिवाय नुसती खायची. तेल कोमट असतानाच लसूण टाका, लाल होऊ देऊ नका, मग दोडक्याच्या चकत्या मोठ्या आचेवर परता, झाकण ठेवू नका. शेवटी टोमॅटो, मिरपूड. वरून तुळशीच्या जातीचा पाला घालतात म्हणे. अंगणातली तुळस भाजीत घालायची माझी छाती झाली नाही, कोथिंबीर घ्यायचं ठरवलं. पण सवयीनं झाकण ठेवलंच, आणि दोडक्याला पाणी सुटलं. मग मला तू दिसतेस, पेडगावच्या घरात, खाणारी तोंडं नऊ आणि भाजी ओंजळभर. तू डब्यातून ज्वारीच्या पिठाची मूठ काढतेस, कढईत पेरतेस, सगळ्यांना पुरतं. माझाही हात तसाच डब्यात गेला. पीठ पडल्यावर कळलं काय केलं ते. अख्खी कढई म्हशीपुढं रिती केली आणि पुन्हा दोडके चिरायला बसलो.

ती आतून विचारत होती, एवढा येळ काय करायलात म्हणून. ताट नेलं तर म्हणाली, "भाकरी कुठंय?" मी नाही म्हणून मान हलवली. "चतकोर तरी द्या. आत्याबाईंनी दारच्या माणसालाबी असं ताट वाढलं नसतं."

खरंच आहे ते, तू नसतंच वाढलं. तू मागायचीस तेव्हा मीही तुला चतकोर चतकोर देत राहिलो, डॉक्टर नको म्हणत असताना, आणि त्याला माया म्हणत राहिलो. आज दिली नाही. तिनं एक घास खाल्ला, लसूण लय चांगली लागायलीय म्हणाली. मग हळूच विचारलं, "मला खालचं दिसत न्हाई. तुमी रोज बघता. काळं पडलंय का हो?"

"न्हाई," मी म्हणालो. "लाल हाय. भरत आलंय."

माय, तू तर राहिली नाहीस, हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार. नर्सबाई पट्टी सोडतात तेव्हा ती आडवी असते आणि तिचा पाय माझ्या मांडीवर असतो. माझी नजर मात्र भिंतीवर. ती जखम मी अजून एकदाही बघितलेली नाही.