हृदयाची भिंत

दारव्हा

प्रिय स्पृहा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. पत्र मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा एक गुण.

तुझ्या हृदयाची भिंत जाड झाली आहे, तीन महिने धावू नकोस, असे नागपूरच्या डॉक्टरांनी बजावले. पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्याच काळात येते, म्हणून तू ऐकत नाहीस. तुझे म्हणणे असे: कठोर सरावाने तरुणांचे हृदय मोठे होते, नाडी मंदावते, तू कठोर सराव करतेस, म्हणून तुझे हृदय निरोगी आहे. पहिली दोन विधाने मान्य. तिसरे त्यांतून निघत नाही. भिंत सरावाने जाडावते, तशी आजारानेही. चिन्ह एक आणि संभाव्य कारणे दोन असतील, तर एक कारण दूर करून पाहावे लागते. विश्रांतीने जाडी उतरली, तर ती सरावाची होती.

इकडे बोरी अरबच्या रस्त्यावर पोरे अजून पहाटे धावतात. नंतर पुलाच्या कठड्यावर बसून एकमेकांची नाडी मोजतात. ज्याची गती सर्वांत मंद, त्याला बाकीच्यांनी पोहे खिलवायचे. ही पद्धत तुझ्या भावाने, मंदारनेच पाडलेली. तो कधी हरला नाही. काल त्याचा सोबती, तांड्यावरचा ओम भेटला. अभिमानाने म्हणाला, "आजोबा, ताईची नाडी त मंदारपक्षा बी हळू हाय! आता पोहे तिलेच खिलवा लागते." मी मान हलवली. घरी येऊन दूध तापवले. काहीच वाटले नाही. मंदार गेल्यापासून हे असेच आहे.

तो त्याच रस्त्यावर धावताना कोसळला, तेव्हा ऊन लागले असे सर्वांनी ठरवून टाकले. दिवस थंडीचे होते, हे कुणी बोलले नाही. शवविच्छेदनात त्याच्याही हृदयाची भिंत जाड निघाली. सरावाने नव्हे, आजाराने. तो आजार भावंडांतही असू शकतो. नागपूरची तपासणी भरतीसाठी नव्हती, त्यासाठी होती. कुंदाने, तुझ्या आईने, हे तुला सांगायला अनेकदा सुरुवात केली. तिच्याने वाक्य पुरे होत नाही. ते मी पुरे केले. आता थांबलीस आणि जाडी उतरली, तर पुढच्या भरतीत पोलीस होशील. नाही उतरली, तर औषधे घेत म्हातारी होशील. दोन्ही पक्ष मला मान्य आहेत. तिसरा नाही.

तुझाच,
आजोबा