मोहाचे दिवस

कन्हान, एप्रिल १९७८

डॉक्टरसाहेबांना बायजाबाईचा नमस्कार.

माझे मालक चंपतराव तुमच्या दवाखान्यातून दारू सोडून घरी आले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "बाई, दारू सुटली तरी मेंदू तिला विसरत नाही. जुना वास आला की माणसाच्या आधी मेंदूच उठतो." मला वाटलं, तुम्ही दारुड्याला नवा बहाणा शिकवून पाठवताय.

मोहाची फुलं पडायला लागली, वाटेवरची दारूची भट्टी पेटली, तसे ते खाणीतून उशिरा येऊ लागले. वाटलं, पुन्हा प्यायला लागले. माहेरी खाप्याला निघून जायचं मी ठरवलं, पण आधी डोळ्यांनी पाहावं म्हणून काल त्यांच्या मागे गेले.

भट्टीच्या वाटेला ते वळलेच नाहीत. शेतांतून लांबचा फेरा घेऊन निघाले. तेवढ्यात वारा फिरला, भट्टीचा वास तिथंही आला, आणि ते बाभळीला घट्ट धरून उभे राहिले.

मी पुढं झाले आणि त्यांचं तोंड हुंगलं. दारू नव्हती.

"मी नाही म्हणून राहिलो वं, तरी तोंडाले पाणी सुटून राहिलं," ते म्हणाले. "तू काहून मागं मागं येऊन राहिली? सोबत चाल."

आम्ही हात धरून घरी आलो.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. हे वाचून तुम्ही त्यांना पुन्हा भरती करून घ्याल. आजपासून त्यांची कामाची पाळी सुटली की मीच खाणीच्या फाटकावर उभी राहीन. त्यांच्यावर माझा विश्वास बसलाय, साहेब. त्यांच्या मेंदूवर अजून नाही.

बायजाबाई