मधुराचं बेट

रविवार संध्याकाळ, टार्निट

मधुराने बुकिंग केलं. मला वगळून.

कॅरिबियनमधलं ते चिमुकलं बेट मीच शोधलं होतं. तिथे मोटारी नाहीत, कुणाला कसली घाई नाही. बाबा गेल्यापासून आम्ही बहिणी भेटलेलो नाही. ती न्यू जर्सीत, मी इथे ऑस्ट्रेलियात. चार दिवस फक्त दोघी, असं ठरलं होतं. कामावर रोस्टरवरून भांडून मी रजाही मिळवली.

आज फोनवर म्हणते, "ताई, आम्ही चौघं जातोय! मुलांना सुट्टी आहे ना. तुला एवढा लांबचा प्रवास, चार दिवसांसाठी कशाला? आपण पुण्यात भेटू की."

मी म्हटलं, "नो वरीज." का म्हटलं? इथे राहून ते नो वरीज तोंडात असं बसलंय की रडायच्या जागीही तेच येतं.

मग म्हणाली, "तू काढलेली तिथल्या ठिकाणांची यादी पाठव ना, मला वेळच नाही गं."

पाठवली. त्यात एक लाकडी धक्का होता, दोघींनी पाण्यात पाय सोडून बसायला. तेवढा पाठवण्याआधी खोडून टाकला. क्षुद्रपणा आहे, कळतंय. पण ती तिथे नवऱ्याबरोबर बसलेली मला फोटोत बघायची नाही.