शेजारच्या सीटचं दार

प्रिय ताई,

आधी जे घडलं ते तारखांनिशी लिहिते. मला काय वाटतं ते नंतर.

१. सोमवार, ५ तारीख. भाऊजी माझ्या वर्कशॉपमध्ये आले. तंबू घेऊन रस्ता संपतो त्याच्याही पुढे जाता येईल अशी, स्वस्तातली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी निवडून दे, म्हणाले.
२. ८ ते १२ तारखेपर्यंत मी तीन जुन्या गाड्या तपासल्या.
३. १३ तारखेला त्यांनी तिसरी घेतली.
४. शनिवारी, १७ तारखेला, ते ती माझ्याकडे सर्व्हिसिंगला ठेवून गेले. शुक्रवारी, २३ ला, न्यायला येणार आहेत.
५. काल, सोमवारी १९ ला, मी चालकाच्या शेजारच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. ते आतून उघडलं नाही.

पत्र घरी न पाठवता दवाखान्याच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवतेय, उद्या पोचेल, कारण तिथलं टपाल तूच उघडतेस. फोन केला असता, पण तुझा फोन लागला की आधी भाऊजींचा खोकला ऐकू येतो आणि मग तू म्हणतेस, स्पीकरवर आहे हं. दवाखान्याच्या फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, समोर पेशंट बसलेले असतात. हे पत्र घरी नेऊ नकोस. वाचून झालं की दातांच्या एक्स-रेच्या जुन्या पाकिटांत ठेव. तिथे कोणी हात घालत नाही, असं तूच सांगितलं होतंस.

भाऊजी आले तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू? नेहमीसारखे दारातूनच ओरडले, "इन्स्पेक्टरबाई, मेव्हणी असावी तर अशी, सल्ला फुकट आणि वर चहा!" आमचे वस्तादसुद्धा हसले, आणि वस्ताद वर्षातून दोनदा हसतात. भाऊजी म्हणाले, ताईला लहानपणापासून तंबूत राहायचंय, या वर्षी नेतोच तिला. मला आपली गच्ची आठवली. दोन चादरी, कपडे वाळवायची दोरी, चार विटा. मी पट्टी घेऊन विटांमधलं अंतर मोजत बसायची आणि तू मला मोजपट्टी म्हणून चिडवायचीस. झोपताना मात्र तू कायम तंबूच्या तोंडाशी. मी आतल्या बाजूला. कोणी आलं तर आधी मी दिसेन, म्हणायचीस. कोण येणार होतं आपल्या गच्चीवर? शेजारच्यांचं मांजर.

तर गाड्यांबद्दल. पहिली छोटी, पेट्रोलची, चार दारांची. अंगाने धडधाकट, पण चढावर जड ओझं ओढायला लागणारा लो गिअर तिला नव्हता. दुसरी ऐसपैस, आरामशीर. तिच्यात गाडी कुठे आहे ते कळवत राहणारं यंत्र आधीच्या मालकाने बसवलेलं होतं. ते काढता येईल का, असं भाऊजींनी विचारलं. वायरिंग कापावं लागेल, मी म्हणाले. मग त्या गाडीचं नावच त्यांनी घेतलं नाही. तिसरी वीस वर्षांची, डिझेलवर चालणारी, दोनच दारांची. चॅसिस भक्कम, गंज फक्त वरवरचा, लो गिअर उत्तम, सुटे भाग कुठेही मिळणारे. मी दहा मुद्द्यांचा तक्ता केला आणि शंभरपैकी गुण दिले. तिसरीला अठ्ठ्याहत्तर पडले. म्हणजे ती मीच निवडली.

त्या आठवड्यात त्यांनी बरंच विचारलं. दोन जादा कॅन धरून डिझेल किती दिवस पुरेल. रुतलेली गाडी विंचने ओढून काढायला एकटा माणूस पुरतो का. मोबाइलची रेंज कुठे संपते ते नकाशावर कसं बघायचं. कोणताही शहाणा माणूस आडवाटेला जाण्याआधी हेच विचारेल. मी सगळ्याची बिनचूक उत्तरं दिली. नकाशावर पेन्सिलीने रेघसुद्धा मारून दिली, की हिच्या पलीकडे फोन लागत नाही. मला प्रश्न विचारला की मी उत्तर देते. तो का विचारला जातोय याकडे माझं लक्ष जात नाही. शाळेत याच गुणासाठी मला बक्षिसं मिळाली.

गेल्या वर्षी तुझा हात प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडले, म्हणालीस. मी भेटायला आले तेव्हा चपला काढता काढता पायऱ्या मोजल्या. तीन आहेत. प्रत्येकीची उंची साधारण सोळा सेंटिमीटर. मी आत आले, तुझ्या हातचा चहा प्यायले, भाऊजींच्या विनोदांना हसले आणि संध्याकाळच्या बसने परत आले. तीन पायऱ्यांवरूनही हात मोडू शकतो, असं वाटेत स्वतःला समजावत होते. मोडू शकतो. पण तू तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतीस, आणि ते कुठल्याच पट्टीने मोजता येत नाही म्हणून मी सोडून दिलं.

आता कालचं. वस्तादांची एक पद्धत आहे. गाडी बाहेर सोडण्याआधी तिच्या प्रत्येक सीटवर बसायचं, दार लावायचं आणि आतून उघडायचं. नवीन असताना मी विचारलं होतं की चालकाच्या सीटवरून सगळं कळतं की. वस्ताद म्हणाले, "चालवणारा बोंबलतोच गं पोरी. शेजारचा गप्प बसतो." मी १२ तारखेलाही शेजारी बसले होते. तेव्हा दार उघडलं होतं. तपासणीच्या फोटोत दाराचं आतलं हँडल दिसतंय, काच खाली करायची फिरकीही दिसतेय. काल दोन्ही नव्हती. तुटलेली नव्हती, काढलेली होती. स्क्रू व्यवस्थित सोडवलेले आणि भोकांवर काळी नवी टोपणं. काम नीट केलंय, मी केलं असतं तरी असंच केलं असतं. मी गिअरच्या दोन्ही दांड्यांवरून पाय टाकून चालकाच्या दाराने बाहेर पडले. शेजारच्याला बाहेर पडायचा तेवढाच रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर भाऊजी बसलेले असणार.

मी त्यांना फोन केला. ते हसत म्हणाले, "अगं, हँडल खुळखुळायचं, डोकं उठायचं माझं. राहू दे, बसवू नकोस. आणि ताईला सांगू नकोस हं, उगाच घाबरते ती." मी बरं म्हणाले. मग आत जाऊन दुसरं हँडल आणि फिरकी बसवली. ते ती परत काढू शकतात, त्याला पाच मिनिटं लागतात. गाडी नापास करून अडवून ठेवता येईल, पण मग ते दुसरी आणतील. दोष गाडीत असता तर मी एव्हाना तो काढला असता.

एवढंच असतं तर मी फक्त, गाडीत बसताना जपून, असं लिहिलं असतं. पण हँडल बसवताना समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या पट्टीमागून वनखात्याचा परवाना खाली पडला. शनिवार २४ पासून आठ दिवस. वाहन एक. व्यक्ती एक. नाव भाऊजींचं. तुझं कुठेच नाही. मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, की डॉक्टरीणबाईंना मी बहिणीकडे जातेय असं सांगितलंय, सहलीला म्हटलं तर रजा देणार नाहीत, ही युक्ती यांचीच. आईलाही तेच सांगितलंस. म्हणजे सगळ्यांच्या लेखी त्या आठ दिवसांत जंगलात भाऊजी एकटे असतील, आणि तू माझ्या घरी असशील. मी तपासून तपासून हा कागद तीनदा वाचला. फोटो काढून वस्तादांकडे एक प्रत दिलीय. माझं चुकत असेल तर मी भाऊजींचे पाय धरून माफी मागेन, आणि तुम्ही दोघं मला जन्मभर हसा. तोवर त्या गाडीत बसू नकोस. बॅग भरू नकोस, कपडेसुद्धा घेऊ नकोस, नुसती ये. दवाखान्याच्या फोनवरून वर्कशॉपला फोन कर आणि 'ये' एवढंच म्हण. मी वर्कशॉपचा पिकअप घेऊन दवाखान्याच्या मागच्या दाराशी येते. 'नको' म्हणालीस तरी येईन, पण तुझ्या तोंडून ऐकू दे. गुरुवारी, २२ तारखेला, दुपारी चारच्या आत उत्तर दे.

गच्चीवर आतल्या बाजूला झोपणारी, तुझीच,
मोजपट्टी