गरजेपेक्षा अधिक

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (पाठ धरली आहे, म्हणून साष्टांग फक्त कागदावर.)

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून पत्र. तीस वर्षं स्वतःच्या शिवणकारखान्यात, शिलाईयंत्रांच्या खोलीत काढल्यावर तुझे कान एवढा सूड उगवणारच.

कंपनी विकली गेली त्याला आज पाच महिने झाले. नव्या मालकांनी माझ्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या, खुर्चीत त्यांचा माणूस बसवला. त्याने खुर्चीची उंची कमी करून घेतली, असं जुन्या शिपायाने कळवलं. बावीस वर्षं तिथे काढली, त्यानंतर एवढी एकच बातमी तिकडून आली.

जाताना कंपनीने एक सोय केली. वरच्या जागांवरून उतरलेल्या माणसांसाठी वर्ग असतो, आठवड्यातून दोनदा. आम्ही अकरा जण बाकांवर बसतो. शिकवणारी माझ्या लेकीएवढी आहे. नोकरी गेली असं म्हणायचं नाही, योग्य संधीच्या शोधात आहे म्हणायचं, असं ती सांगते. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत स्वतःची ओळख करून देता आली पाहिजे. आमच्याकडे मी कुणाची ओळख पहिल्या मजल्याच्या पुढे ऐकून घेतली नसती. तरी आरशापुढे सराव करतो. काल ही कपाट आवरता आवरता थांबली आणि म्हणाली, की माणूस एवढा चांगला असेल तर आपणच ठेवून घेऊ.

दुसरा अभ्यास म्हणजे उपयोगी पडतील अशा ओळखीच्या शंभर माणसांची यादी. एकसष्टवर अडलो आहे. सगळ्यांना पत्रं गेली, उत्तरं सात आली. शिवाय चार जागांहून नकार आले, सगळे अतिशय सभ्य भाषेत. आमच्याकडेही अशीच पद्धत होती.

काळजी करू नये. लोभ आहे तसा चालू ठेवावा, त्याला तरी मुदत नसावी.

तुझा,
मुंगळा


११ मार्च

चि. मुंगळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पाठ शेकायला एक वेगळा.

एकसष्ट माणसांत माझा नंबर कितवा ते आधी कळव. मग पुढचं बोलू.

तुला हे नाव कसं पडलं ते तू विसरला असशील. मी शाळेत निघाले की चार वर्षांचा तू माझ्या पायाला मिठी मारायचास. मी तुला तसाच ओढत फाटकापर्यंत न्यायचे. त्या कंपनीलाही तू बावीस वर्षं तसाच चिकटलास. पाय त्यांनी झटकला, त्यात तुझं काय चुकलं? मी तर रोज झटकायचे.

इकडे माझीच पंचाईत झाली आहे. आमचे थोरले कटिंग मास्तर डोळ्यांपायी काम सोडतात. आता कापड कापायला माणूस हवा. तुला वाटेल, कापायचं ते काय. पण शिवणारी चुकली तर उसवता येतं. कापणारा चुकला तर हात जोडायचे. इस्पितळाच्या पांढऱ्या कोटांचं मोठं काम एप्रिलच्या मध्यापर्यंत द्यायचं आहे. अकरा अर्ज आले आहेत. माझी रीत तुला माहीत आहे: वाईट शिवलेला एक कोट हातात द्यायचा आणि उसवून दे म्हणायचं. जो कापड न दुखावता उसवतो, तो माणूस घ्यायचा. पण एका कोटावर अकरा जण कसे बसवू? आणि दहा जणांना नाही म्हणणारं पत्र मी जन्मात लिहिलेलं नाही. तू आयुष्यभर माणसं निवडलीस. कशी निवडायची ते लिहून पाठव.

तिला सांग, आरशासमोर बडबडणारा माणूस घरात असला की आरसा लवकर जुना होतो. दोघांवर लोभ आहे. मागायची गरज नाही, पण मागत जा, बरं वाटतं.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी सगळी दुपार टेबलाशी बसलो. ही म्हणते, पाच महिन्यांत पहिल्यांदा घरात शीळ ऐकू आली.

उसवण्याची परीक्षा मजेची आहे, पण तीत शिस्त नाही. आमच्याकडे मी पहिल्या वर्षीच एका पानाचे नियम केले होते आणि ते शेवटपर्यंत टिकले. स्वच्छ प्रत सोबत पाठवतो. अर्ज आले की आधी चाळायचे, माणसं मग भेटायची. तिसरा नियम महत्त्वाचा: सहा महिन्यांहून अधिक रिकामा असलेला माणूस बाजूला ठेवावा. कारण विचारत बसू नये, कारण ज्याच्या त्याच्याकडे असतंच. पाचवा नियम त्याहून महत्त्वाचा: जो स्वतः मालक किंवा वरचा होता, त्याला हाताखालचं काम देऊ नये. तो टिकत नाही आणि असेपर्यंत शिकवत राहतो. आमच्याकडे या दोन नियमांनी अर्ध्याहून अधिक ढीग सकाळच्या चहाआधी हलका व्हायचा.

नकाराच्या पत्राचा मसुदाही पाठवतो. त्यातलं मधलं वाक्य माझं स्वतःचं आहे: ‘आपली पात्रता आमच्या गरजेपेक्षा अधिक आहे.’ ऐकणाऱ्याला मान मिळतो आणि वाद राहत नाही.

यादीचं विचारलंस. ती कामाच्या माणसांची यादी आहे गं. तू त्यात कशी येशील? रागावू नये. लोभाच्या यादीत दुसरं कुणी नाही.

तुझा,
मुंगळा


२९ मार्च

चि. मुंगळ्यास,
आशीर्वाद. या खेपेला अनेक नाहीत. मोजून एक.

तुझे नियम भिंतीला लावले आणि ओळीने पाळले. एक कारागीर उरला. एक दिवस रिकामा नाही, कुणाचा मालक नाही. बाकी दहा जणांना तुझं पत्र गेलं. मंगळवारी त्याने बाह्या कापल्या. साठ बाह्या, सगळ्या डाव्या. शिवणाऱ्या पोरी त्या टेबलावर मांडून बघत राहिल्या. एकीने विचारलं, की या इस्पितळातले सगळे डॉक्टर एकाच हाताने काम करतात का. बुधवारपासून तो आलाच नाही.

ते एक वेळ परवडलं. खरी गोष्ट पुढे आहे.

गुरुवारी एक गृहस्थ दारात आले. साठीच्या आसपासचे, इस्त्रीचा सदरा, बगलेत फडक्यात गुंडाळलेली स्वतःची कात्री. हातात तुझं पत्र, म्हणजे माझं. त्यांचा स्वतःचा कारखाना होता. साठ यंत्रं होती. नऊ महिन्यांपूर्वी बंद पडला. तिसऱ्या नियमात ते गेलेच होते, पाचव्यात पुन्हा गेले. मला वाटलं भांडायला आले. ते तसले नाहीत. त्यांनी पत्रातल्या त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, की बाई, किती कमी यायला हवं ते सांगा, मी तेवढंच करीन.

थट्टा नव्हती ती. मला कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी ते दोनदा, सावकाश विचारलं. मी त्यांना पाणी दिलं आणि पंधरा दिवसांनी या म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

वाक्य तुझं आहे. उत्तर तूच दे. ते आलं की लोभाचं पाहू.

ताई


५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर नाही. तीन कागद फाडले.

मी तुला सांगितलं नव्हतं. मला आलेल्या चारही नकारांत तेच वाक्य आहे. शब्द थोडे मागेपुढे, पण तेच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा लिहिणारा हुशार आहे असं वाटलं. तिसऱ्यांदा मी ते पत्र हिच्यापासून लपवलं. वर्गातल्या अकरांपैकी नऊ जणांकडे आहे ते. आम्ही एकमेकांना कधी दाखवलं नव्हतं. परवा दाखवलं.

ते लिहिलं तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. लिहायला दहा मिनिटं लागली. मग जेवायला गेलो.

आणखी एक. या महिन्यात मी स्वतःच्या तिसऱ्या नियमात बसतो.

त्यांना कोट उसवायला दे. जमलं तर ठेव. माझ्यासाठी नको, तुझ्या कोटांसाठी. त्यांच्या नावे वेगळी चिठ्ठी आहे. तीत फक्त एवढंच आहे, की ते वाक्य तुमच्या बाईंचं नाही, माझं आहे. मीही त्यांच्याच रांगेत उभा आहे. आणि किती कमी ते मला माहीत नाही.

लोभ मागायला आज संकोच वाटतो.

मुंगळा


१६ एप्रिल

आदरणीय साहेब,
स. न. वि. वि.

आपली चिठ्ठी मिळाली. मला पत्र लिहिण्याची सवय नाही. मापं लिहिण्याची आहे. चूकभूल घ्यावी.

बाईंनी कोट उसवायला दिला. तो कुणी शिवला होता ते मी विचारलं नाही. दोरा न तोडता रिळावर परत गुंडाळला. बाईंनी विचारलं, मोठं काम मिळालं तर सोडून जाल का. मी म्हटलं, बहुधा जाईन. पण तोवर कापड वाया जाणार नाही. दुसऱ्या दिवसापासून ठेवलं. कोट वेळेत गेले. डाव्या साठ बाह्यांतून रुग्णांच्या उशांचे अभ्रे निघाले. आपल्या नियमांच्या कागदाची पाठ कोरी होती, जाडही बरा होता. त्याचा कॉलर आखायचा फर्मा कापला आहे. राग नसावा.

आता कामाचं. इस्पितळाच्या खाटा बनवणारा एक कारखाना आहे. त्यांच्या कामगारांचे कपडे मी नऊ वर्षं शिवले. मालकीणबाई एकट्याच सगळं बघतात. त्यांना सगळा कारखाना सांभाळणारा माणूस हवा आहे, पण तसं जाहीर केलं तर गिऱ्हाईक बिथरेल म्हणून त्या कुणाला सांगत नाहीत. मला माप देताना सांगितलं. माप देताना माणसं बोलतात. पत्ता मागे लिहिला आहे. कपडे शिवणाऱ्या मास्तरांनी पाठवलं असं सांगावं.

किती कमी, या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर मलाही कळवावं. घाई नाही. लोभ नवीन आहे, धुतल्यावर आटणार नाही अशी आशा.

आपला,
कटिंग मास्तर


३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (पाठ बरी आहे. खरा समज.)

गेलो होतो. लिफ्ट नव्हतीच, त्यामुळे चार मजल्यांची ओळख तशीच राहिली. एकमजली पत्र्याची शेड, एकशे चाळीस माणसं, दारात रंग वाळायला टांगलेल्या खाटांच्या चौकटी. मालकीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोटांना ग्रीस. त्यांनी बसवलं नाही. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत मला सगळ्या कारखान्यात फिरवलं. एका खाटेचं चाक अडत होतं. मी खाली बसून बघितलं. चूक चाकात नव्हती, चौकट रंगवताना रंग छिद्रात उतरत होता. बऱ्याच दिवसांनी गुडघ्याला धूळ लागली.

मग त्या म्हणाल्या, की तुम्हाला आमच्या गरजेपेक्षा फार जास्त येतं.

ताई, पाचव्यांदा तेच वाक्य. वर्गात याला उत्तर शिकवलं आहे, चांगलं तीन वाक्यांचं. ते आठवत असूनही मी ते बोललो नाही. मास्तरांचं नाव सांगून मास्तरांचा प्रश्न विचारला: किती कमी यायला हवं?

त्या हसल्या नाहीत. विचार केला. म्हणाल्या, येणारं काहीच कमी करू नका. फक्त ‘आमच्याकडे’ एवढं कमी करा. सकाळपासून नऊ वेळा झालं. तुमच्याकडे आता काही नाही. जे आहे ते इथे आहे.

सहा महिने बघायचं आणि मग कायम, असं ठरलं. गाडी नाही. टेबल आहे, ते शेडमध्येच. सोमवारी सुरू.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, की नऊच म्हणजे त्या दिवशी मी स्वतःला बरंच आवरलेलं दिसतं. ती पहिल्या महिन्यापासून मोजत होती. बोलली का नाही, असं विचारलं. म्हणाली, तेवढंच तर तुमच्याकडे उरलं होतं.

मास्तरांना हे उत्तर वाचून दाखव. यादी पूर्ण झाली. बासष्टवर तू, त्रेसष्टवर मास्तर. उरलेल्या सदतीस ओळी कोऱ्या ठेवतो.

आता मागायला हरकत नसावी. लोभ असावा.

तुझा,
मुंगळा


७ मे

चि. मुंगळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. मागचे अडवलेलेही यात धर.

मास्तरांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हातातला खडू कापडावर ठेवला. मग त्यांनी पोरींकडे बघून विचारलं, की आपल्याकडे साठ यंत्रं होती हे आपण इथे रोज सांगतो का. सगळ्यांच्या माना खाली, शिवण जोरात. मला यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पण कुणी हसू दाबून पायडल मारलं की फरशीतून कळतं. त्या दिवशी सगळी फरशी हलत होती. दुपारपासून त्यांनी ते एकदाही सांगितलं नाही. संध्याकाळी मीच विचारलं, की तुमच्याकडे बाही कशी लावायचे. माणसाला अगदीच कोरडं ठेवू नये.

तुझ्यासाठी दोन कोट शिवले आहेत, निळे, शेडमध्ये घालायला. मास्तरांनी कापले. एक बाही डावी आहे, एक उजवी. मी स्वतः तपासलं.

रोज वेळेवर जा. कुणाच्या पायाला मिठी मारू नकोस. मारलीस तर सोडू नकोस. पद, गाडी, बडबड, काय कमी करायचं ते कर. लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी,
ताई
(नंबर बासष्ट)